बिघाड मालकाने शोधावा, पाना मग कोणीही फिरवावा

धडगावहून निघालेली गाडी चांदसैली घाट उतरून कोठारमार्गे तळोद्याच्या गॅरेजात पोचते, तोवर घाटात येणारा आवाज बहुधा थांबलेला असतो. चढावर लाल रेषेकडे सरकलेला टेंपरेचरचा काटा सपाटीला येईतो पुन्हा मध्यावर बसलेला असतो. मिस्त्री बॉनेट उघडतो, दोन-चारदा रेस देतो, कान लावतो आणि म्हणतो, आत्ता तर काही दिसत नाही, पण एकदा थर्मोस्टॅट बदलून बघू. यात त्याची लबाडी असतेच असे नाही. त्याच्यासमोर गाडी उभी असते, बिघाड मागे घाटात राहिलेला असतो. आणि ज्याला बिघाड दिसतच नाही, त्याला अंदाजाने पार्ट बदलण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. अंदाज चुकला की पार्टचे पैसे, मजुरी, पुन्हा एक खेप आणि गाडीवर पोट असेल तर बुडालेला दिवस, हे सगळे मालकाच्या माथी येते. नंदुरबार जिल्ह्यात हा भुर्दंड जास्त बसतो, कारण सोयीची गॅरेजे नंदुरबार, शहादा अशा सपाटीवरच्या गावांत, नाहीतर थेट धुळ्या-सुरतेला आणि गाड्या राबतात त्या मोलगी, अक्राणी, तोरणमाळच्या चढांवर. म्हणून घरी गाडीला हात लावू पाहणाऱ्याने आधी पाना विकत घेऊ नये. मल्टिमीटर आणि वही घ्यावी. बिघाड शोधणे हे मालकाचे काम आहे. खोलणे-बसवणे जमले तर त्यानेच करावे, न जमले तर मिस्त्रीकडून करून घ्यावे. पण काय बदलायचे हे कळल्याशिवाय काहीही बदलू नये.

मालकाने का, मिस्त्रीने का नाही, याचे उत्तर बिघाडाच्या स्वभावात आहे. पूर्ण मोडलेली वस्तू कोणालाही दिसते. छळतो तो ठरावीक परिस्थितीतच डोके वर काढणारा बिघाड: इंजिन गार असताना, की गरम झाल्यावर, गाडी रिकामी असताना, की बाजाराचे ओझे भरल्यावर, एसी चालू असताना, पावसात भिजल्यावर, टाकी रिझर्व्हला आल्यावर. या प्रश्नांची उत्तरे रोज स्टिअरिंगवर बसणाऱ्याकडेच असतात, आणि त्यांनीच निम्मे संशयित गळतात. साधे उदाहरण आवाजाचे घ्या. घूं-घूं आवाज येत असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून पाहावे. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर आवाज उतरला, तर शोध बॉनेटखाली घ्यायचा. गाडीच्या वेगाबरोबर तसाच राहिला, तर चाकाचे बेअरिंग, टायर किंवा पाठीमागची लाइन पाहायची. डावीकडे वळताना वाढतो की उजवीकडे, हेही लक्षात ठेवावे, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो आणि तिथले खराब बेअरिंग बोलू लागते. घाटउतारावर मात्र ही परीक्षा कधीही करू नये.

गाडी गरम होणे ही इथली नेहमीची तक्रार, म्हणून ती जरा सविस्तर पाहू. मे महिन्यात तापीच्या खोऱ्यात पारा 42-44 अंशांवर जातो, त्यात चढण आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरची चाल. तरीही ठीक असलेली गाडी तापत नाही. तापली तर कारण असतेच. पहिला प्रश्न: गाडी कुठे तापते? बाजारपेठेच्या गर्दीत तापते आणि हायवेला लागताच निवळते, तर संशय पंख्यावर, कारण वेगात वारा पंख्याचे काम करतो आणि उभ्या गाडीला पंख्याशिवाय वारा नाही. उलट हायवेला सलग वेगात तापत असेल तर वारा पुरेसा आहे, कूलंट पुरेसे फिरत नाही: कूलंट कमी, रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप दमलेला. घाटात वेग कमी आणि इंजिनवर भार जास्त असल्याने दोन्ही बाजू एकदम उघड्या पडतात. म्हणूनच 'घाटात गरम होते' एवढ्या माहितीवर मिस्त्रीला काही ठरवता येत नाही. त्या दोन बाजू घरीच वेगळ्या करता येतात. अंगणात गाडी पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून पंखा लागतो का ते पाहावे. विजेचा पंखा बहुतेक गाड्यांत एसी लावताच फिरू लागतो. नाहीच फिरला तर आधी फ्यूज पाहावा, मग त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तिथे लावून पाहावा. या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही. पंखा इंजिनलाच जोडलेला असेल, तर इंजिन गरम करून बंद करावे, चावी काढावी आणि मगच पाते हाताने ढकलून पाहावे. गरम असतानाही तो अडकाठीशिवाय गरगर फिरला, तर त्याचा व्हिस्कस क्लच गेला असे समजावे. पंखा ठीक निघाला तर शहादा-तळोदा अशा सपाट रस्त्यावर सलग चालवून काटा पाहावा.

एवढे झाल्यावरच थर्मोस्टॅटचे नाव काढावे, आणि तेही तपासून. गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा होज बराच वेळ कोमट राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला, साधारण 82 ते 88 अंशांना, की एकदम तापतो. काटा वर गेला तरी होज गारच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. तो काढून टाकून गाडी तशीच चालवण्याची जी पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेते, तोवर कॉम्प्युटर जास्त इंधन सोडत राहतो, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि खरा दोष तसाच झाकलेला राहतो. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवयही सोडावी. त्या पाण्यातले क्षार बारीक नळ्यांत चुनखडीसारखे बसतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत रेडिएटर आतून बुजतो. कूलंट कंपनीने सांगितलेले आणि पाणी बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड. बाहेरून पाहायची जागा म्हणजे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट: धूळ, कीटक आणि हंगामात कापसाचे तंतू तिथे गच्च बसतात, समोरून पाहिले तर काहीच दिसत नाही. आणखी एक दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचे झाकण. झाकणातली स्प्रिंग आत सुमारे एक बार जादा दाब टिकवते, त्यामुळे कूलंट 120 अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली की सगळे नवे असूनही ते लवकर उकळते. हे झाकण गरम इंजिनवर उघडू नये, फडके धरूनही नाही. कुठेही गळती नसताना कूलंट घटत असेल, टाकीत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी टो करूनच न्यावी. आणखी दहा किलोमीटर 'हळूहळू नेऊ' म्हटल्याने हेड वाकते, आणि गॅस्केटचे काम हेडच्या कामात बदलते.

सेल्फ न लागणे ही दुसरी तक्रार, आणि अंदाजाने पार्ट बदलण्याचे सर्वांत महाग उदाहरण. टक् असा आवाज येतो, दिवे मंद होतात, आणि लगेच नवी बॅटरी येते. आठवड्याने पुन्हा टक्. तिथे मल्टिमीटर काय करतो ते पाहा. पाचशे-हजार रुपयांत बरा मीटर मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून मीटर बॅटरीवरच धरावा. आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी दमली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. आकडा 11 च्या वर राहिला आणि तरी सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरी निर्दोष आहे, करंट वाटेत अडतो आहे. आता मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारावा. इथे 0.2 व्होल्टहून जास्त आकडा दिसला, तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा नट गंजलेला आहे. वर चकचकीत दिसणाऱ्या टर्मिनलच्या आत पांढरट-हिरवी बुरशी असते. त्यासाठी मीटरची पिन एकदा क्लॅम्पवर आणि एकदा थेट खुंटीवर ठेवून फरक पाहावा. अशा वेळी दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर आणि पंधरा मिनिटे एवढ्यात जे काम होते, त्यासाठी कित्येक हजारांची बॅटरी घेतली जाते. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले तर डायनॅमो चार्ज करतो आहे. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून हेडलाइट लावून, थोडी रेस देऊन पुन्हा पाहिल्याशिवाय डायनॅमोला दोष देऊ नये. बॅटरी रात्रीत उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबावे आणि निगेटिव्ह वायरच्या मध्ये मीटर घालून करंट मोजावा. 50 मिलिअँपिअरहून बराच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. जो काढताच आकडा पडतो, त्या लाइनवर चोर आहे. बहुतेकदा हा चोर म्हणजे नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम किंवा जीपीएस. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये, मीटर जळेल.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे जुन्या गाड्यांना ठीक, आताच्या गाड्या म्हणजे कॉम्प्युटर, तिथे घरच्या माणसाचे काय चालणार? खरे तर कॉम्प्युटर आल्यापासून निदान सोपे झाले आहे. अवघड झाली आहे ती दुरुस्ती. बीएस-4 या प्रदूषण-नियमांखालच्या गाड्यांना 2013 पासून ओबीडी-2 ही स्वनिदान-प्रणाली लागू झाली, 1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 देशभर आले आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. म्हणजे गेल्या काही वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक कारमध्ये स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट आहे, आणि हजार-दीड हजारांचा ब्लूटूथ स्कॅनर त्यात लावला की इंजिनचा कॉम्प्युटर काय पाहतो आहे ते मोबाइलवर वाचता येते. पूर्वी हे फक्त कान तयार झालेल्या माणसाला कळे. धोका दुसरीकडे आहे: स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडमध्ये ज्या पार्टचे नाव येते तोच पार्ट खराब, असे समजण्यात. पी0171 हा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. पण हा कोड एवढेच सांगतो की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. सेन्सरने ते ओळखले, म्हणजे बहुधा तो नीट काम करतो आहे. हवा कुठून जास्त येते, की पेट्रोलच कमी येते, हे शोधायचे उरते, आणि तेही त्याच स्कॅनरवर दिसते. 'फ्युएल ट्रिम' नावाचे टक्के उणे-अधिक दहाच्या आत असावेत. आयडलिंगला ते वीस-पंचवीस असतील आणि अडीच हजार आरपीएमला खाली आले, तर कुठलातरी व्हॅक्यूम होज फाटलेला आहे, कारण चोरून येणारी तीच हवा जास्त रेसला किरकोळ ठरते. उलट चढावर, भारावर ते वाढत असतील, तर पेट्रोलचा फिल्टर, पंप किंवा हवा मोजणारा सेन्सर पाहावा. चांदसैली चढताना शेजारी बसलेल्याने मोबाइलवर हे आकडे नोंदवले, तर गॅरेजात कधीच न दिसणारा बिघाड कागदावर उतरतो.

मिसिंगचे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटण्याचे, निदान त्याहून सोपे. पी0302 म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा इंधन चुकते. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल, तर इंजिन गार असताना दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसांत बदलाव्यात आणि गाडी चालवावी. कोड पी0303 झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल खराब. पी0302 च राहिला तर कॉइल निर्दोष. आता प्लग तसाच बदलून पाहावा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. या पद्धतीत एकही पार्ट आधी विकत घ्यावा लागत नाही. चेक लाइट नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर मिसिंग इतके आहे की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भाजून काढते आहे. अशी गाडी रेटू नये, कारण कॉइलपेक्षा कन्व्हर्टर कितीतरी महाग. आणि कोड वाचल्या-वाचल्या पुसण्याची घाई करू नये. कोडबरोबर त्या क्षणाचे आकडे साठवलेले असतात: वेग, आरपीएम, तापमान, इंजिनवरचा भार. कोड पुसला की तेही जातात. आधी फोटो काढावा. स्वस्त स्कॅनरच्या मर्यादा मात्र मान्य कराव्यात. तो बहुधा इंजिनचेच कोड वाचतो, एबीएस आणि एअरबॅगचे नाही, आणि पी1 ने सुरू होणारे कोड कंपनीगणिक वेगळे असल्याने त्यांचा मोबाइलवरचा अर्थ दर वेळी बरोबर निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वीस-पंचवीस वर्षे जीप खोललेला मिस्त्री आवाजावरून जे ओळखतो ते मीटरला कळत नाही, असे लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. टॅपेटची टकटक आणि बेअरिंगची ठोक यांतला फरक शब्दांत सांगता येत नाही, तो कानातच मुरावा लागतो. पण अनुभव ज्या इंजिनांवर मिळाला त्यांच्यापुरता तो खरा असतो. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल जीपमध्ये हवा धरली की इंजेक्टरचा नट सैल करून सेल्फ मारायचा, ही रीत बरोबर होती. आताच्या कॉमन रेल डिझेल इंजिनमध्ये त्याच पाइपात हजार-दीड हजार बारच्या वर दाब असतो. टायरमध्ये तो दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज यावा. त्या दाबाची सुईसारखी धार कातडी भेदून डिझेल मांसात सोडते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावे लागू शकते. म्हणून चालू इंजिनवर तो पाइप कोणीही सैल करू नये, आणि असे लागलेच तर दुखत नसले तरी लगेच दवाखाना गाठावा. अनुभवाचा मान ठेवायचा तो असा: ऐकलेले मीटरने पडताळावे, आणि मीटरवरचे अनुभवी माणसाला विचारावे. दोन्ही जुळले तर पार्ट आणावा.

घरच्या कामात जीव जाईल, हा आक्षेप तर मी आक्षेपही मानत नाही. तो नियमच आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. जॅक फक्त उचलण्यासाठी, आधार स्टँडचा. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचणे हा आधार नव्हे, ते न सांगता फुटतात. तापीकाठची काळी माती वरून टणक दिसते आणि भार येताच धसते. तिथे जॅकखाली जाड, रुंद फळी हवीच, आणि पावसाळ्यात तर मातीवर गाडी उचलूच नये. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडावी, बसवताना शेवटी लावावी. एअरबॅगचे पिवळे कनेक्टर, हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी केबल, एसीचा गॅस आणि सस्पेन्शनची दबलेली स्प्रिंग, यांना घरी हात लावू नये. सीएनजीची लाइनही तशीच. सिलिंडरची हायड्रोटेस्ट तीन वर्षांनी होते की नाही, हे प्रमाणपत्र पाहणे एवढेच मालकाचे काम.

ब्रेकचे निदान घरी, दुरुस्ती जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. डबीतले ब्रेक ऑइल खाली गेले की लोक वरून ओततात, पण ते उडून जात नाही. ते खाली जाते याचा अर्थ पॅड झिजले किंवा कुठेतरी गळते. वर ओतल्याने ही सूचनाच पुसली जाते. चाकातल्या फटीतून पॅडची जाडी दिसते, तीन मिलिमीटरच्या आसपास आली की बदलावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते: नवे डॉट-4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेले 155 अंशांना उकळू शकते. देवगोई किंवा कोंडाईबारी घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी सोडली, तर ब्रेकची उष्णता तिथवर पोचते, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे, आणि ज्या गिअरवर घाट चढला त्याच गिअरवर उतरावा.

पावसाळ्यातला एक बिघाड तर निव्वळ घाईने होतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि मध्येच बंद पडली, की पहिला हात सेल्फकडे जातो. मुळात अशा पाण्यात गाडी घालूच नये. पण घातली गेलीच आणि बंद पडली, तर सेल्फ मारू नये, ढकलूनही चालू करू नये. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही, आणि पिस्टनचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. गाडी बाहेर ओढून एअर फिल्टरचा डबा उघडावा. फिल्टर कोरडा असेल तर बहुधा नुसती वायरिंग भिजली आहे. ओला असेल तर प्लग, डिझेलला इंजेक्टर, काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचे नाही. हा डबा चार क्लिपांचा असतो, उघडायला दोन मिनिटे लागतात, आणि त्या दोन मिनिटांवर इंजिन वाचते.

वॉरंटीची भीती बऱ्याच जणांना हात लावू देत नाही. व्होल्टेज मोजणे, कोड वाचणे, फिल्टर-फ्यूज पाहणे यात गाडीचे काहीच बदलत नाही. वॉरंटी खरोखर अडचणीत येते ती वायरिंग कापून जादा दिवे, हॉर्न, म्युझिक जोडल्याने, किंवा सर्व्हिसची बिले नसल्याने. ज्ञान आणि पार्ट कंपन्यांनी स्वतःच्या सर्व्हिस सेंटरपुरते राखून ठेवणे योग्य नाही, हेही आता सरकारदरबारी मान्य झालेले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड केला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू देत नसल्याबद्दल. ते प्रकरण पुढे अपिलात गेले, पण प्रश्न ऐरणीवर आला. 24 डिसेंबर 2022 रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, त्यात वाहने आणि शेतीची यंत्रे दोन्ही आहेत. मोलगीच्या जीपवाल्याला दंडाच्या आकड्याशी देणेघेणे नाही, पण गावाजवळचा मिस्त्री कंपनीइतकाच जाणता व्हावा याच्याशी नक्कीच आहे.

राहता राहिला मिस्त्रीच्या पोटाचा प्रश्न. सगळेच घरी शोधू लागले तर त्याने खायचे काय? मला वाटते, त्याचे नुकसान आजच होते आहे, आणि ते आपण करतो. निदानाला आपण पैसे देत नाही. तासभर डोके घालून त्याने शोधले की फक्त एक नट ढिला होता, तर आपण पन्नास रुपये टेकवतो. त्याने पार्ट बदलला तर हजार मोजतो. अशा व्यवहारात पार्ट बदलण्याकडेच त्याचा कल जाणार. म्हणून गाडी नेताना सरळ सांगावे: आधी शोधा, शोधण्याचे वेगळे पैसे देतो, सापडल्यावर पार्टचे बोलू. सोबत वहीचे पान न्यावे, त्यात तारीख, किलोमीटर, कुठे, गार की गरम, किती ओझे, कोणता कोड, मीटरवर काय आकडा. 'गाडी नीट चालत नाही' याऐवजी 'सकाळी गार असताना सेल्फ मारला की बॅटरीवर 11.4 आणि अर्थिंगवर 0.9 व्होल्ट येतात' असे ऐकलेला मिस्त्री थेट अर्थिंगच्या पट्टीकडे जाईल. काम झाल्यावर काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा, बिलावर त्याचा नंबर लिहून घ्यावा, आणि ज्या परिस्थितीत बिघाड येत होता तीच परिस्थिती, म्हणजे तोच चढ, तेच ओझे, तीच वेळ, पुन्हा आणून पाहिल्यावरच वहीतली नोंद बंद करावी.